रात्री 9 वाजून 32 मिनिटं

या घटनाक्रमातली बाई कुणी एक नाही. शेवटच्या साडेचार तासांच्या वेळा मात्र मनाने रचलेल्या नाहीत. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ कोनराड बोर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये आनुवंशिक अँजिओएडेमा हा सुजेचा आजार असलेल्या 182 कुटुंबांतल्या 728 जणांचा हिशोब प्रसिद्ध केला. त्यातले 214 जण वारले होते, आणि त्यांपैकी 70 जण घशाला सूज येऊन गुदमरून. ज्यांच्या अखेरच्या तासांचा तपशील घरच्यांकडून मिळाला, त्यांच्यावरून बोर्क यांनी या मृत्यूचे तीन टप्पे पाडले आणि प्रत्येकाची सरासरी वेळ काढली. त्या सरासऱ्या इथे घड्याळाला लावल्या आहेत. दवाखाना, वार आणि माणसं आपल्याकडची घेतली, कारण हा आजार साधारण पन्नास हजारांत एकाला असतो. महाराष्ट्राच्या लोकसंख्येला हा हिशोब लावला तर आकडा दोन हजारांच्या वर जातो. हे लोक कुठे आहेत? बहुतेक जण ॲलर्जीच्या नाहीतर पोटदुखीच्या गोळ्या घेत असणार.

शुक्रवार, सकाळी 11

तालुक्याच्या गावी दंतवैद्याकडे अक्कलदाढ निघाली. बीपी, शुगर, कुठल्या औषधाची ॲलर्जी, सगळं विचारून झालं होतं. तिन्हींना उत्तर 'नाही', आणि ते खरंच होतं.

पाळी सुरू झाल्यापासून अधूनमधून तिचा हात नाहीतर ओठ सुजतो आणि दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतो, हे तिने सांगितलं नाही. दाढेशी त्याचा काय संबंध? तिचे वडील चाळिशीत एका रात्रीत गेले, घसा सुजला होता, 'काहीतरी चावलं असेल' असं गावाने ठरवलं, हेही राहिलं. विल्यम ऑस्लर यांनी 1888 मध्ये अमेरिकेतल्या एका कुटुंबाच्या पाच पिढ्यांची अशीच माहिती गोळा करून ही सूज घराण्यात उतरते हे दाखवलं, तेव्हा त्यांच्याकडे ना रक्ताची तपासणी होती ना जनुकाचा पत्ता. घरच्यांना विचारणं, एवढंच साधन. दंतवैद्याच्या खुर्चीत ते आजही फुकट मिळतं.

कळलं असतं तर दाढ काढण्याआधी सी-1 इन्हिबिटर नावाचं प्रथिन शिरेतून देता आलं असतं. ते मिळालं नाही तर काही दिवस आधीपासून डॅनाझॉल, किंवा ऐनवेळी प्लाझ्मा. 2003 मध्ये बोर्क यांच्याच गटाने दात काढल्यानंतर गुदमरून दगावलेल्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दात काढताना होणारी इजा तशी किरकोळ, पण तोंड आणि घसा शेजारीच.

शुक्रवार, संध्याकाळी 6

दंडावर आणि छातीवर गुलाबी वेलबुट्टीसारख्या रेषा उमटल्या. मधली त्वचा साधी, कडा तेवढ्या लाल.

"पित्त उठलंय गं, आमसुलाचं पाणी लाव," सासूबाई म्हणाल्या. तिने लावलंही.

पण पित्ताला खाज असते आणि गांध्या उठतात. या रेषांना खाज नव्हती, हात फिरवला तर उंचवटाही लागत नव्हता. अनेक रुग्णांत सूज येण्याआधी हे पुरळ उमटतं. त्वचेने दिलेली ही सूचना वाचणारं माणूस मात्र भेटावं लागतं. भल्या भल्या डॉक्टरांनी या पुरळाला पित्त म्हणून सेट्रिझिन लिहून दिलेलं आहे, तिथे सासूबाईंना काय बोल लावायचा?

शुक्रवारची रात्र

बाहेरून काही दिसत नाही, पण आत बरंच चाललंय. हिरडीला इजा झाली की रक्तातली एक साखळी जागी होते. फॅक्टर-12 कॅलिक्रेइनला जागं करतो आणि कॅलिक्रेइन एका मोठ्या प्रथिनातून ब्रॅडिकायनिन नावाचा बारीक तुकडा कापून काढतं. हा तुकडा बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतो आणि रक्तातलं पाणी भोवतालच्या मऊ भागात झिरपू लागतं. निरोगी माणसात सी-1 इन्हिबिटर या साखळीला वेळीच आवरतो. हिच्या अकराव्या गुणसूत्राच्या एका प्रतीत त्याचा जनुक बिघडलेला आहे, म्हणून आवरणारा अपुरा पडतो. या रुग्णांत हेच प्रथिन उणं असतं, हे व्हर्जिनिया डोनाल्डसन आणि रिचर्ड इव्हान्स यांनी 1963 मध्ये दाखवलं. सूज आणणारा खरा गुन्हेगार ब्रॅडिकायनिन, यावर शिक्कामोर्तब व्हायला मात्र नव्वदचं दशक उजाडलं.

ब्रॅडिकायनिनची कहाणीही विलक्षण आहे. ब्राझीलमध्ये रोशा-ए-सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1949 मध्ये ते सापडलं, जराराका नावाच्या सापाच्या विषाचा रक्तावर काय परिणाम होतो ते पाहताना. त्याच विषाच्या अभ्यासातून पुढे रक्तदाबाची कॅप्टोप्रिल ही गोळी निघाली आणि तिच्या जातीची एनालाप्रिल, रामिप्रिल ही औषधं आली. ही औषधं शरीरात ब्रॅडिकायनिन साठू देतात. म्हणून या आजाराच्या माणसाला ती वर्ज्य.

शनिवार, सकाळी 8

गाल सुजला. दंतवैद्याला फोन. "दाढ काढल्यावर सूज यायचीच ताई, बर्फ लावा, गोळ्या चालू ठेवा." शंभरातल्या जवळपास शंभर जणांच्या बाबतीत हा सल्ला बरोबर ठरतो.

शनिवार, संध्याकाळी 5

चहाचा घोट अडकला. घशात काहीतरी बसल्यासारखं वाटतंय. आवाज जड झालाय, बटाटा तोंडात धरून बोलावं तसा.

इथून बोर्क यांचं घड्याळ सुरू होतं. पहिला टप्पा म्हणजे गिळायला त्रास, आवाजात बदल, पण श्वास ठीक. सरासरी 3.7 तास. जीव वाचवायची खरी संधी याच वेळेत असते, आणि नेमक्या याच वेळेत कुणाला घाई नसते, कारण माणूस चालतंय, बोलतंय. सरासरीवर विसंबण्यातही धोका आहे. याच गटाच्या 2000 सालच्या लेखात नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. सूज सुरू झाल्यापासून वीस मिनिटांत तो गेला.

संध्याकाळी 6:15

दवाखान्यात गर्दी. नंबर लागल्यावर डॉक्टरांनी ओठ-गाल पाहिले, "ॲलर्जिक रिॲक्शन आहे" म्हणाले आणि कंपाउंडरला ॲव्हिल आणि डेक्सा भरायला सांगितलं. आपल्याकडे सुजलेल्या तोंडावर दिली जाणारी ही ठरलेली जोडी. वेळ पडली तर पुढे ॲड्रेनलिन.

या तिन्हींचा इथे भरवसा नाही. ही औषधं हिस्टामिनच्या सुजेवर चालतात. ही सूज ब्रॅडिकायनिनची आहे. डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण खरी ॲलर्जी असती तर याच औषधांनी उतार पडला असता. चूक पुढच्या तासात होते. इंजेक्शन देऊन तास उलटला, अंगावर गांधी नाही, खाज नाही, सूज वाढतेच आहे, एवढ्यावर निदान बदलायला हवं.

संध्याकाळी 7:30

तिला बाकावर बसवलंय. "थोडा वेळ बघू, उतरेल."

तिला हवं होतं ते सी-1 इन्हिबिटर, वजनाच्या किलोमागे 20 युनिट, शिरेतून. नाहीतर इकाटिबंट, 30 मिलिग्रॅमची सुई, पोटाच्या त्वचेखाली रुग्ण स्वतःच टोचून घेऊ शकतो अशी. ती ब्रॅडिकायनिनची जागाच अडवते. युरोपात ती 2008 मध्ये आली. 2025 मध्ये अमेरिकेत सेबेट्रलस्टॅट या गोळीलाही मान्यता मिळाली. आपल्याकडे डॉक्टरांना बराच काळ रक्तपेढीतल्या गोठवलेल्या प्लाझ्मावर भागवावं लागलं. त्यात सी-1 इन्हिबिटर असतो, पण ज्यापासून ब्रॅडिकायनिन निघतं तो कच्चा मालही असतो, त्यामुळे क्वचित सूज वाढतेदेखील. तरी काहीच नसण्यापेक्षा तो बरा. बाकावर बसलेल्या बाईला त्यातलं काहीही मिळालेलं नाही.

रात्री 8:42

श्वास अडकायला लागला. दुसरा टप्पा, सरासरी 41 मिनिटं. श्वास घेताना गळ्यातून शिटीसारखा आवाज येतोय. ती आडवी व्हायला तयार नाही. जीप मिळाली, जिल्ह्याचं रुग्णालय एक तासावर. बेरीज-वजाबाकी इथेच संपली.

रात्री 9:23

शुद्ध हरपली. तिसरा टप्पा, सरासरी जेमतेम नऊ मिनिटं. आता औषधाचा उपयोग नाही. गळ्याला पुढून छेद देऊन श्वासनलिका उघडणारा हात हवा, आणि जीपमध्ये नवरा आणि दीर आहेत.

रात्री 9:32

त्यानंतर

दाखल्यावर बहुधा 'हृदयक्रिया बंद पडून' असं येईल, फार तर 'ॲलर्जी'. बोर्क यांच्या त्या 70 जणांपैकी 63 जणांना आपल्याला हा आजार आहे हे ठाऊकच नव्हतं. निदान झालेले सातच. या आजारात मारणारी सूज असते, पण माणूस कुणाच्या कागदावर आहे की नाही, यावर बरंच काही ठरतं.

कागदावर येण्यासाठी सुरुवात रक्तातल्या सी-4 या प्रथिनाच्या तपासणीने होते. ते कमी आलं की सी-1 इन्हिबिटरचं प्रमाण आणि काम दोन्ही मोजतात. देशात चंडीगडच्या पीजीआयने या रुग्णांवर बरंच काम केलंय. मुंबईत केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था आहे. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांचा अभ्यास तिथे चालतो. यकृतातला कॅलिक्रेइनचा जनुकच एका सलाइनमध्ये बंद करण्याचे प्रयोगही माणसांवर सुरू आहेत.

तिला दोन मुलं आहेत. दोघांपैकी प्रत्येकाला हा जनुक मिळाल्याची शक्यता निम्मी. धाकटं वर्षाच्या आतलं असेल तर सी-1 इन्हिबिटरच्या पातळीवर भरवसा ठेवता येत नाही, वर्षानंतर पुन्हा बघावं लागतं. आणि सांगलीला तिची सख्खी आत्या आहे. वर्षातून दोन-तीनदा पोट फुगून कळा येतात, उलट्या होतात, सलाइन लावलं की दोन दिवसांत बरं वाटतं. तिचं अपेंडिक्स काढून झालंय. डॉक्टर म्हणाले होते की ते चांगलंच निघालं.