डॅशहाउंडचा आवाज आणि सोसायटीचा ठराव

डॅशहाउंड फार भुंकतो, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. पण त्याने असं भुंकावं म्हणून माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या मेहनत घेतलीय, हे तक्रार करणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं.

विषय आत्ताच काढायचं कारण आहे. आपल्याच गावातल्या एका सोसायटीने (नाव लिहीत नाही, दोन्हीकडची माणसं ओळखीची आहेत) एका कुटुंबाला महिनाभराची मुदत दिलीय. कुत्रा कुणाला तरी देऊन टाका, नाहीतर त्याच्या घशाचं ऑपरेशन करून घ्या. ऑपरेशन म्हणजे स्वरतंतू कापायचे. मधला मार्ग म्हणून एकाने ऑनलाइन मिळणारा शॉकचा पट्टा सुचवला. पेपरात ही चार ओळींची बातमी झाली असती, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

जर्मन भाषेत 'डाक्स' म्हणजे बॅजर आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बॅजर हा युरोपातला बिळात राहणारा प्राणी. दहा-बारा किलोचा, नखं कुदळीसारखी, चावा भयंकर. तिथल्या शिकाऱ्यांना त्याच्या बिळात घुसेल असा कुत्रा हवा होता. आखूड पाय, लांब अंग, भरदार छाती ही सगळी ठेवण त्या बिळाच्या मापाची. आता अडचण अशी की कुत्रा एकदा आत गेला की दिसत नाही. बीळ लांबलचक, फाटे फुटलेलं. वरच्या माणसाने खणायचं कुठे? तर आवाज येईल तिथे! कुत्र्याने बॅजरला कोपऱ्यात कोंडायचं आणि भुंकत राहायचं. वरच्यांनी जमिनीला कान लावून जागा हेरायची आणि तिथे फावडं घालायचं. अशा कामात गप्प बसणारा कुत्रा काय कामाचा? जो न थकता, खड्या आवाजात भुंकायचा, त्याचीच पिल्लं लोकांना हवी असायची. एवढ्याशा कुत्र्याचा आवाज अल्सेशियनसारखा का, याचं उत्तर त्या छातीत आणि त्या बिळात आहे.

जर्मनीत या जातीचा क्लब १८८८ साली निघाला. त्यांच्याकडे कामाच्या परीक्षा असतात आणि त्यातली एक खास भुंकण्याची आहे. ससा नजरेआड गेलाय, नुसत्या वासावर माग काढायचाय, अशा वेळी कुत्रा आवाज देत धावतो की नाही, हे त्यात बघतात. गप्प धावला तर नापास. आपल्याकडे ज्यासाठी नोटीस निघते, त्याचे तिकडे मार्क मिळतात!

पुढे हा कुत्रा बिळातून दिवाणखान्यात आला. इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाने पाळले, तिथे १८८१ मध्येच क्लब निघाला होता. पहिल्या महायुद्धात मात्र जर्मन नावाचं बालंट आलं. व्यंगचित्रांत जर्मनी म्हणून हाच कुत्रा काढायचे, आणि अमेरिकेत त्याला 'लिबर्टी पप' म्हणायची टूम निघाली. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकचं शुभचिन्ह पुन्हा हाच, वाल्डी नावाचा. असो. मुद्दा एवढाच की काम गेलं, आवाज राहिला. फ्लॅटमध्ये जिन्यावरची पावलं हाच त्याचा बॅजर. त्यात पार्सलवाला रोज येतो, हा भुंकतो, पार्सलवाला निघून जातो. त्याच्या हिशोबाने शत्रू पळाला. रोज बक्षीस मिळाल्यावर तो का थांबेल?

शिकवण्याचा इतिहासही जर्मनीतूनच सुरू करता येतो. कोनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्याने १९१० मध्ये श्वानप्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं. कुत्र्याला पाप-पुण्य कळत नाही, कुठल्या कृतीनंतर काय मिळतं ते कळतं, हे त्याने बरोबर ओळखलं. पण त्याची साधनं चाबूक आणि काट्यांचा पट्टा ही होती. आपल्याकडे अजून बरेच लोक तिथेच अडकलेत. १९५१ मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये दाखवलं की एक ठरावीक आवाज आणि लगेच खाऊ, एवढ्यावर घरबसल्या कुत्रा शिकवता येतो. हवाईमध्ये कॅरन प्रायर डॉल्फिन शिकवायच्या. डॉल्फिनला पट्टा घालता येत नाही आणि मारलं तर तो सरळ पोहत निघून जातो. हाती उरते शिट्टी आणि मासा. तीच रीत त्यांनी १९८४ च्या 'डोन्ट शूट द डॉग' या पुस्तकातून घराघरात नेली.

आता डॅशहाउंडसाठी हे कसं करायचं? आधी कारण कमी करा. रस्त्याकडची खिडकी खालून झाका, दाराजवळची त्याची जागा हलवा. मग दोनदा-तीनदा भुंकू द्या, त्याचं काम झालं. शांतपणे 'बस' म्हणा. क्षणभर थांबला की त्याच क्षणी खाऊ. दोन सेकंद, मग पाच, मग दहा, असं वाढवत न्या. ओरडू नका, आपण ओरडलो की त्याला वाटतं घरचेही सोबतीला भुंकतायत. लक्ष वेधायला भुंकत असेल तर दुर्लक्ष करा, पण आधी चार दिवस तो जास्तच भुंकेल, तेव्हा हार मानलीत तर सगळं पाण्यात. आणि नाकाला काम द्या. जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला लावा. वास काढून दमलेला डॅशहाउंड झोपतो. पट्ट्याला हिसके तर नकोतच, या जातीला मणक्याचा त्रास फार.

शॉकने आवाज कदाचित थांबेल. पण झटका बसताना समोर शेजारचं पोर असेल, तर कुत्रा त्या पोराला घाबरेल, आणि घाबरलेला कुत्रा चावतो. वेल्समध्ये असे पट्टे २०१० पासून बंद आहेत. आवाज काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला १९८७ च्या युरोपीय करारात मनाई आहे.

आपल्याकडे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ मध्ये जनावराला विनाकारण वेदना देणं आणि अंगच्छेद करणं हे गुन्हे आहेत. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की भुंकणं नैसर्गिक आहे, समाजाने ते सहन करायला हवं. आणि लगेच हेही, की सततच्या भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, म्हणून मालकाने, विशेषतः रात्री, कुत्रा शांत ठेवायचे सगळे प्रयत्न करावेत. बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असंही त्यात आहे. रात्रपाळी करून आलेल्या शेजाऱ्याची झोप खरी आहे, तिची जबाबदारी मालकाचीच.

त्या कुटुंबाने परवापासून टॉवेलचा खेळ सुरू केलाय. सोसायटीला माझं एवढंच सांगणं, की महिन्याऐवजी तीन महिने द्या आणि ऑपरेशनची अट ठरावातून काढा. मंडळाच्या सूचनांची प्रत ज्यांना हवी असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, पाठवतो.