पिसे काढण्याची कला

दुसऱ्याची पिसे काढण्यात आमची निम्मी हयात गेली. पण बाणाची पिसे काढण्याचा योग परवाच आला. पुतणी शाळेत तिरंदाजी शिकते. डझनभर लाकडी बाण पुढ्यात टाकून म्हणाली, "काका, जुनी पिसं काढून द्या ना. नवी मी चिकटवीन."

म्हटलं, हात्तिच्या! त्यात काय आहे?

पिसे निघाली हो, डिंक निघेना. आणि तो राहिला तर नवे पीस वाकडे बसते, बाण भलतीकडे जातो. सुरी जोरात चालवावी तर लाकडाची ढलपी उडते, हळू चालवावी तर डिंक ढिम्म! तिसऱ्या बाणाला रक्त लागले, माझेच. सुरी भाजीची आहे, हे सौभाग्यवतींच्या लक्षात आले तेही तेव्हाच.

बोटाला चिंधी बांधून मी इतिहासात आश्रय घेतला. इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने 1417 साली फर्मान काढले होते : दर पाळीव हंसामागे पंखातली सहा पिसे सरकारजमा करावीत. म्हणजे कर भरताना पिसे निघतात, हे तिथे अक्षरशः खरे होते! बाणाला पिसे तीन, आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली. डावी तर सगळी डावी, उजवी तर सगळी उजवी. त्यांचा बाक सारखा असला, की बाण गिरक्या घेत नीट जातो. संमिश्र सरकार तिथे चालत नाही.

आठव्या हेन्रीची 'मेरी रोज' ही युद्धनौका 19 जुलै 1545 रोजी पोर्टस्मथसमोर बुडाली. चारशेहून अधिक माणसे गेली. 1982 साली तिचा सांगाडा वर काढला. तिच्या उत्खननात हजारो बाण सापडले. पिसे कुजून गेली होती. मी तासाभरात केले ते काम समुद्राने चार शतकांत उरकले होते. पण डिंक त्यालाही निघाला नव्हता! तांब्याचा अंश असलेला हिरवट लेप, आणि त्यात पिसे बांधणाऱ्या दोऱ्याच्या वेढ्यांचे वळ तसेच होते. राजा गेला, हंस गेले, तिरंदाज बुडाले. ज्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही, त्या कारागिराने आवळलेला दोरा तेवढा दिसत राहिला.

"काका, झालं का?"

"पिसं निघाली. डिंक समुद्रालाही जमला नाही गं."

पोरीने निमूटपणे काचकागद माझ्या हातात ठेवला.