हंता: मारेकरी नव्हे, नदी

‘हंता’ म्हटलं की मराठी कानाला ‘शत्रुहंता’ आठवतो. हन् धातू, ठार मारणारा. उंदरांमधून पसरणाऱ्या हंता विषाणूला नाव शोभतंही, पण ही व्युत्पत्ती साफ चुकीची.

कोरियात हंतान नावाची नदी आहे, नाव तिच्यावरून आलं. कोरियन युद्धात (१९५०-५३) तीन हजारांवर सैनिकांना ताप आणि रक्तस्राव झाला, अनेकांची मूत्रपिंडं निकामी झाली. कारण सापडलं १९७६ मध्ये. ली हो-वांग यांना विषाणू दिसला तो शेतातल्या पट्टेरी उंदराच्या फुप्फुसात.

आशिया-युरोपात हंता विषाणूंचं घराणं मूत्रपिंडं धरतं, अमेरिकेत फुप्फुसं. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैऋत्य भागात तरणीताठी माणसं श्वास कोंडून दगावली. जागेचं नाव विषाणूला द्यायला स्थानिकांची हरकत, म्हणून तो झाला ‘सिन नोम्ब्रे’, स्पॅनिशमध्ये निनावी!

भारतातला नातलग वेल्लोरच्या थोट्टपलायमचा. १९६४ मध्ये तो चिचुंद्रीत मिळाला, आणि चिचुंद्री तर उंदीरही नव्हे.

वसई-विरारकरांना उंदराची धास्ती ठाऊक आहे ती ‘लेप्टो’ या वेगळ्या आजाराच्या नावाने. ग्रीक ‘लेप्टोस’ म्हणजे बारीक. जंतू बारीक वेटोळ्याचा. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ ज्या पाण्यात बुडाले, तसल्या पाण्यात उंदीर-घुशींचं मूत मिसळतं आणि पायाच्या चिरेतून जंतू आत शिरतो. हंता मात्र सुकलेल्या लेंड्यांच्या धुळीतून, श्वासावाटे येतो.

तेव्हा माळा झाडण्याआधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडा. आणि साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना ते आधी सांगा.