नोंदवहीत एकच नाव

मुंबईच्या बोलीत कुंटणखान्याच्या मालकिणीला 'घरवाली' म्हणतात. ज्या वास्तूत कोणाचेच घर नसते, तिच्या मालकिणीला नेमके हेच नाव मिळावे, यातील विसंगती आमच्या ध्यानात आली ती एका जुन्या अमेरिकन चित्रपटाच्या निमित्ताने. १९६४ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे नाव 'अ हाउस इज नॉट अ होम', म्हणजे वास्तू म्हणजे घर नव्हे. दारूबंदीच्या काळात न्यूयॉर्क शहरात कुंटणखाना चालविणाऱ्या पॉली अ‍ॅडलर हिच्या आत्मचरित्रावर तो आधारलेला आहे. दिग्दर्शन रसेल राउझ यांचे, पॉलीच्या भूमिकेत शेली विंटर्स, दारूतस्कराच्या भूमिकेत रॉबर्ट टेलर आणि लकी लुचियानो या कुप्रसिद्ध टोळीनायकाच्या भूमिकेत सीझर रोमेरो. ईडिथ हेड यांच्या वेशभूषेला ऑस्करचे नामांकन मिळाले, बर्ट बॅकरॅक यांनी बांधलेले शीर्षकगीत पुढे चित्रपटापेक्षा अधिक गाजले. एकंदरीत हा चित्रपट मध्यम प्रतीचाच म्हणावा लागेल. तरीही इतिहासाच्या वाचकाला त्यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. विशेषतः त्याने काय सांगितले आणि कशावर भर दिला नाही, या दोहोंतील अंतरात.

प्रथम त्या बाईची हकिकत. पॉली, मूळ नाव पर्ल, हिचा जन्म १९०० साली तत्कालीन रशियन साम्राज्यातील पिन्स्कजवळच्या यानोव्ह या गावी एका ज्यू शिंप्याच्या कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ती थोरली. आधी एकीला पाठवावे, तिने पाय रोवले म्हणजे एकामागून एक सर्वांनी जावे, या हिशेबाने किशोरवयातच तिची एकटीची रवानगी अमेरिकेस झाली. काही काळ ती मॅसॅच्युसेट्समधील होल्योक येथे ओळखीच्या कुटुंबात राहिली. इतक्यात १९१४ साली महायुद्ध पेटले आणि मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली. पुढे ब्रुकलिनमधील नातलगांच्या आश्रयाने राहून ती शिवणकामाच्या कारखान्यांत राबू लागली. सतराव्या वर्षी कारखान्यातील मुकादमाने तिच्यावर बलात्कार केला. त्यानंतर नातलगांचे घरही तिला दुरावले. १९२० साली एका दारूतस्कराने आपल्या प्रेयसीस भेटण्यासाठी एक सदनिका भाड्याने घेऊन पॉलीस तेथे ठेवले. तिच्या धंद्याचा पाया तो. मध्यंतरी तिने स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचे दुकान घालून पाहिले. ते चालले नाही आणि ती मूळ धंद्याकडे परतली.

याच १९२० सालच्या जानेवारी महिन्यात अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी सुरू झाली होती. राज्यघटनेच्या १८व्या दुरुस्तीचे शब्द बारकाईने पाहण्यासारखे आहेत. तिने मद्याचे उत्पादन, विक्री आणि वाहतूक यांवर बंदी घातली. मद्य पिण्यावर नाही. विकणारा गुन्हेगार ठरला, पिणारा मोकळा राहिला. वेश्याव्यवसायाच्या बाबतीत न्यूयॉर्कच्या न्यायालयांतील वहिवाट याच वळणाची होती. छापा पडला की स्त्रिया आणि मालकीण आरोपीच्या पिंजऱ्यात, आणि ग्राहक बहुधा मागच्या दाराने घरी. पॉलीच्या घरात हे दोन्ही धंदे एकाच छपराखाली नांदत होते. तेथे मद्य मिळे, जेवण मिळे, पत्त्यांचा डाव रंगे. येणाऱ्यांत टोळीवाले होते, तसे प्रतिष्ठितही. रॉबर्ट बेंचलीसारखा नावाजलेला विनोदी लेखक आणि डच शुल्ट्झसारखा तस्कर एकाच बैठकीत दिसावेत, असे ते घर होते.

हे सारे पोलिसांच्या डोळ्यांआड चालले नव्हते, हे सांगावयास नको. येणाऱ्या अधिकाऱ्याशी हस्तांदोलन करताना तळहातात शंभर डॉलरची नोट ठेवण्याची पॉलीची रीत प्रसिद्ध आहे. परंतु हा एका बाईचा धूर्तपणा नव्हता, ती एक बसलेली व्यवस्था होती, आणि तिचे स्वरूप उघड झाले ते १९३० नंतर, सॅम्युएल सीबरी यांच्या चौकशीत. माजी न्यायाधीश सीबरी यांच्याकडे प्रारंभी शहरातील दंडाधिकारी न्यायालयांची चौकशी सोपविण्यात आली होती. चिले अकुन्या नावाच्या खबऱ्याने त्यांच्यापुढे जे सांगितले त्याने शहर हादरले. अनीतिविरोधी पथकासाठी काम करणारा खबऱ्या रुग्ण बनून डॉक्टरच्या दवाखान्यात जाई. डॉक्टर बाहेर गेलेले असत. तो परिचारिकेजवळ पैसे ठेवी आणि कपडे उतरवू लागे. तोच पथक आत शिरून तिला वेश्याव्यवसायाच्या आरोपाखाली पकडी. खोल्या भाड्याने देणाऱ्या बायकांवरही असाच सापळा लागे. पुढे जामीनदार, वकील, सरकारी वकिलाचा सहायक अशी साखळी. पैसे मोजणारीविरुद्धचा पुरावा ऐन वेळी लंगडा पडे. न मोजू शकणारी तुरुंगात जाई. जॉन वेस्टन या सहायक सरकारी वकिलाने खटले ढिले सोडण्यासाठी आपण पैसे घेतल्याचे स्वतःच कबूल केले.

म्हणजे ज्या यंत्रणेच्या डोळ्यांदेखत पॉलीचे घर निर्धोक चालत होते, तीच यंत्रणा निरपराध परिचारिकेला वेश्या ठरवीत होती. आमच्या मते त्या काळाचे खरे मर्म हे आहे. कायदा तेथे गुन्हा थांबवीत नव्हता, गुन्ह्याचा बाजारभाव ठरवीत होता.

या चौकशीत दोन स्त्रियांची नावे पुढे आली आणि दोघींची गती निराळी झाली. पहिली व्हिव्हियन गॉर्डन. १९२३ साली आपल्याला खोट्या आरोपात गोवले गेले, तुरुंगवास घडला आणि त्यापायी पोटची मुलगी दुरावली, असे तिचे म्हणणे होते. ते सांगण्यासाठी १९३१च्या फेब्रुवारीत ती सीबरी यांच्या सहायकांपुढे गेली. थोड्याच दिवसांत, २६ फेब्रुवारी रोजी, व्हॅन कोर्टलँड उद्यानात तिचे प्रेत सापडले. दोरीने गळा आवळलेला होता. त्यानंतर काही दिवसांत तिच्या १६ वर्षांच्या मुलीने आत्महत्या केली. खुनाच्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. दुसरी पॉली. चौकशीची चाहूल लागताच ती फ्लॉरिडात निघून गेली, १९३१च्या मे महिन्यात परतली आणि सीबरींपुढे उभी राहिल्यावर तिने कोणाचेही नाव घेतले नाही. तिच्या या मौनाचे 'शब्दाला जागणारी बाई' असे कौतुक पुष्कळांनी केले आहे. आम्हांला ते तितकेसे पटत नाही. बोलणाऱ्या बाईचे काय होते हे तिने नुकतेच पाहिले होते. तिच्या गप्प बसण्यात निष्ठा किती आणि भय किती, हे कोणी मोजावे?

पुढे चौकशी महापालिकेच्या कारभारापर्यंत पोहोचली. शेरीफ टॉमस फार्ली यांचे वार्षिक वेतन सुमारे साडेआठ हजार डॉलर. सहा वर्षांत बँकेत भरणा झाला साडेतीन लाखांहून अधिक. हे पैसे आले कोठून, असे विचारता त्यांनी आपल्या घरातील पत्र्याच्या पेटीकडे बोट दाखविले! गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३२ साली त्यांना पदावरून दूर केले. महापौर जिमी वॉकर यांनी त्याच वर्षी १ सप्टेंबरला राजीनामा दिला आणि ते युरोपच्या जहाजावर चढले. पदे गेली, परंतु या दोघांपैकी कोणाला तुरुंगाचे दार पाहावे लागले नाही. ५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली. आणि १९३५ साली, जुनी साखळी तुटल्यावर, पॉलीला ३० दिवसांची शिक्षा झाली. त्यांतील २४ दिवस तिने स्त्रियांच्या तुरुंगात काढले.

आता चित्रपटाकडे वळू. पॉलीचे आत्मचरित्र १९५३ साली निघाले आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. तिने १९४०च्या दशकाच्या मध्यास धंदा सोडला होता, कॅलिफोर्नियात राहून पन्नाशीच्या आसपास शालेय शिक्षण पुरे केले होते आणि महाविद्यालयातही नाव घातले होते. १९६२च्या जूनमध्ये तिचे निधन झाले. दोन वर्षांनी चित्रपट आला. हॉलिवूडची नीतिसंहिता तेव्हा ढिली झाली होती तरी रद्द झाली नव्हती. पापाचे चित्रण करावयाचे तर पाप्याला दुःख भोगताना दाखविले पाहिजे, हा तिचा दंडक. त्यामुळे चित्रपटाचा सारा भार पॉलीच्या अंतःकरणावर पडला. तिला एका वादकावर प्रेम जडते आणि आपल्या भूतकाळाची सावली त्याच्यावर पडू नये म्हणून ती त्याला दूर करते. हाच कथेचा करुण बिंदू. लुचियानो पडद्यावर खऱ्या नावाने वावरतो, कारण तोही १९६२च्या जानेवारीत नेपल्सला वारला होता. मेलेल्यांची नावे घेण्यास कोणाची हरकत नसते. दवाखान्यातील परिचारिका, पत्र्याची पेटी, उद्यानातील प्रेत या गोष्टींचा मात्र तो चित्रपट नव्हे. पतन झाले ते एका बाईचे, असा समज घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो.

पॉलीची कैफियत पुढे मांडताना तिला देवी करून ठेवण्याचा आमचा मानस नाही. घरातील मुलींच्या कमाईवर ती जगली आणि सुखाने जगली. त्या मुलींपैकी अनेकींची कहाणी तिच्याच तरुणपणासारखी असणार. मुकादमाच्या हाती आपले काय झाले हे ठाऊक असूनही तिने तो धंदा वीसहून अधिक वर्षे चालविला. तिच्या पुस्तकात तिचे नाव ठसठशीत आहे, बड्या ग्राहकांपैकी पुष्कळांचे झाकलेले आहे, आणि त्या मुलींची खरी नावे तर इतिहासाला लाभलीच नाहीत. डेबी अ‍ॅपलगेट यांनी २०२१ साली पॉलीचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. तेव्हा कोठे तिच्या भोवतीचे शहर पुरेसे उजेडात आले.

हे सारे आपल्यापासून फार दूरचे आहे, असे आमच्या वाचकांस वाटण्याचे कारण नाही. मुंबई प्रांताचा १९४९चा दारूबंदी कायदा ज्या मुलखांना लागू होता त्यांत बेळगावही होते, कारण १९५६पर्यंत तो जिल्हा मुंबईतच मोडे. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज अंमल असल्याने तेथे ही बंदी नव्हती. बडोद्यात राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर, राज्य बदलले आणि कायद्याचे नाव बदलले तरी, दारूबंदी अद्याप परिचयाची आहे. उभय देशांची तुलना हा वेगळा विषय होय. परंतु आयुष्य सरकारी कचेरीत घालविल्यामुळे एक गोष्ट आम्हांला ठाऊक आहे. नोंदवहीत पकडलेल्याचे नाव, वय, पत्ता, मुद्देमाल, सारे रकाने असतात. घेणाऱ्याचा रकाना आखलेला नसतो. त्या वह्यांवर आम्हीही वर्षानुवर्षे सही केली, आणि रकाना नाही म्हणून प्रश्नही नाही, अशीच आमची समजूत होती.

सीबरी यांनी केले ते इतकेच, की तो न आखलेला रकाना बँकेच्या खातेवह्यांतून भरून काढला. साक्षीदार गप्प बसतील, पण भरणा बोलेल, हे त्यांनी ओळखले. न्यूयॉर्कच्या त्या बारा-तेरा वर्षांचा इतिहास ज्यांना वाचावयाचा असेल त्यांनी चित्रपट जरूर पाहावा. शेली विंटर्स यांनी काम मन लावून केले आहे. मात्र तो पाहून झाल्यावर सीबरी चौकशीची हकिकतही मिळवून वाचावी, आणि व्हिव्हियन गॉर्डनचे नाव जेथे येते तेथे क्षणभर थांबावे. तिने नावे सांगण्याचे ठरविले होते.