कॅम्पर व्हॅन : नवख्या प्रवाशांच्या चुका आणि त्या टाळण्याचे मार्ग

झोपण्याची, स्वयंपाकाची आणि बहुधा शौचाचीही सोय असलेले मोटार वाहन म्हणजे कॅम्पर व्हॅन. गोव्याला हे वाहन नवे नाही. गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून खुश्कीच्या मार्गाने आलेल्या गाड्या हणजुणे परिसरात मुक्कामाला असत. भारतीय कुटुंबांनी मात्र अशा वाहनाकडे वळणे ही अलीकडची गोष्ट आहे. महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आखले. त्यानंतर भाड्याने मिळणाऱ्या गाड्या वाढल्या आणि कोकण, गोवा व कारवार हा पट्टा त्यांचा आवडता मार्ग झाला.

पहिल्यांदाच असे वाहन घेऊन निघणाऱ्यांच्या चुकांची यादी मोठी असली, तरी त्यांचे मूळ बहुधा एकच असते. चाकामागे बसलेला माणूस गाडीत घर आहे हे विसरतो आणि आत राहणारी माणसे त्या घराला टाक्यांच्या, बॅटरीच्या व वजनाच्या मर्यादा आहेत हे विसरतात. यांतील काही चुका केवळ सहलीचा विरस करतात. काही जिवावर बेततात.

गाडी घेताना

भारतात ‘कॅम्पर व्हॅन’, ‘मोटरहोम’ आणि ‘कॅरॅव्हॅन’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. काटेकोर अर्थाने, स्वतःचे इंजिन नसलेले आणि दुसऱ्या गाडीमागे ओढून न्यावे लागणारे घर म्हणजे कॅरॅव्हॅन. नवख्याने ओढगाडीच्या वाटेला जाऊ नये; ती मागे घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. इंजिनासह येणाऱ्या अशा वाहनांसाठी पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेने प्रसिद्ध केलेले ‘एआयएस-१२४’ हे मानक आहे. साध्या व्हॅनमध्ये गल्लीतल्या कारागिराकडून पलंग, शेगडी आणि बॅटरी बसवून घेण्यापूर्वी त्या बदलाला परिवहन कार्यालयाची मान्यता आणि नोंदणी पुस्तकात नोंद मिळेल की नाही, याची खात्री करावी. नोंद नसलेला बदल अपघातानंतर विम्याचा दावा अडवू शकतो.

भाड्याने गाडी घेणाऱ्याने प्रथम क्रमांकाची पाटी पाहावी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या वाहनाची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी परस्पर भाड्याने देणे बेकायदा आहे आणि कारवाई झाली, तर सहल अर्ध्यावर मोडते ती भाडेकरूचीच.

उंची, वजन आणि घाट

मोटार चालवण्याची सवय असलेला माणूस रस्त्याकडे पाहतो, वर पाहत नाही. कॅम्पर व्हॅनची उंची अडीच ते तीन मीटरपर्यंत असू शकते आणि छतावर सौर पट्ट्या किंवा वातानुकूलन यंत्र असेल, तर ती आणखी वाढते. रेल्वेखालचे भुयारी मार्ग, गावाच्या वेशीवरील कमानी, पेट्रोल पंपांची छपरे, आडव्या गेलेल्या वीजतारा आणि वाड्यांमधील रस्त्यांवर झुकलेल्या फांद्या यांची नोंद ठेवावी लागते. गाडीची उंची, रुंदी आणि लांबी कागदावर लिहून ती पट्टी चालकाच्या समोर चिकटवावी. नकाशाचे अ‍ॅप दाखवते तो जवळचा रस्ता दुचाकीपुरता असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

वजनाचा हिशेब त्याहून अधिक दुर्लक्षिला जातो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली की गाडीवर १०० किलोंचा भार चढतो. चार प्रौढ माणसे म्हणजे अडीचशे किलोंहून अधिक. घरगुती गॅस सिलिंडर भरलेला असताना सुमारे ३० किलोंचा आणि मोठी लेड-अ‍ॅसिड बॅटरीही जवळपास तितकीच जड असते. नोंदणी पुस्तकातील कमाल वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केल्यावर जे उरते, तेवढ्यातच हे सारे बसले पाहिजे. जड सामान खाली आणि दोन्ही आसांच्या मधल्या भागात ठेवावे. वरच्या कपाटांत कपडे आणि चादरी ठेवाव्यात. तांदळाची पोती आणि पाण्याचे कॅन नव्हेत. टायरमधील हवा भरलेल्या गाडीच्या वजनानुसार तपासावी.

या वजनाची खरी परीक्षा घाटात होते. गोव्यातून बाहेर पडणारा प्रवासी चोर्ला, अनमोड किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट गाठतोच. उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवल्यास ब्रेक तापतात आणि नेमके वळणावर निकामी होतात. ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे आणि ब्रेक थांबून थांबून वापरावा. पावसाळ्यात धुके दाटले असताना आणि रात्री घाटात शिरूच नये.

पाणी आणि सांडपाणी

नवखा प्रवासी स्वच्छ पाण्याची टाकी किती मोठी आहे हे विचारतो; सांडपाण्याची टाकी किती मोठी आहे हे विचारत नाही. वापरलेले बहुतेक पाणी दुसऱ्या टाकीत जाते. स्वच्छ पाण्याची टाकी शंभर लिटरची आणि सांडपाण्याची साठची असेल, तर मुक्काम किती दिवसांचा हे साठ लिटरच ठरवतात. बादलीभर पाण्याने केलेली आंघोळही १५ ते २० लिटर घेते. घरच्या सवयीने वागणारी दोन माणसे शंभर लिटर पाणी दोन दिवसांत संपवतात. ताटे आधी कागदाने पुसून मग धुतली आणि आंघोळीसाठी जिथे सोय असेल तिथे बाहेरचे स्नानगृह वापरले, तर तेच पाणी चार दिवस पुरते. टाकीतले पाणी पिण्यासाठी वापरू नये. पिण्याचे पाणी वेगळे ठेवावे.

शौचालयाच्या मैल्याची पेटी हा याहून नाजूक विषय आहे. ती शेतात, ओहोळात, खाजन जमिनीत किंवा रस्त्याकडेच्या गटारात रिकामी करणे हा निव्वळ घाणेरडेपणा नाही. गोव्यात आजही अनेक घरे विहिरीच्या पाण्यावर अवलंबून आहेत. पेटी मलनिस्सारण वाहिनीला जोडलेल्या शौचालयातच, तिथल्या व्यवस्थापकाच्या परवानगीने रिकामी करावी. साबणाच्या पाण्यालाही हाच नियम लागू होतो. प्रवासाचा आराखडा करताना पेट्रोल पंपांइतकीच ही ठिकाणेही आधी ठरवावीत.

विजेचा हिशेब

कॅम्पर व्हॅनमध्ये सहसा दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी घरातील उपकरणांसाठी. दोहोंमधील जोडणी नीट नसेल, तर रात्रभर दिवे आणि पंखा चालवणाऱ्याची गाडी सकाळी सुरूच होत नाही. गाडी ताब्यात घेतानाच ही जोडणी समजून घ्यावी.

घरगुती बॅटरी १२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-अवरची असेल, तर तिच्यात वीजबिलाच्या भाषेत १.२ युनिट वीज मावते. ती लेड-अ‍ॅसिड प्रकारची असल्यास निम्मीच वापरावी, अन्यथा तिचे आयुष्य झपाट्याने घटते. हाती उरते सुमारे ०.६ युनिट. त्यात एक छोटा पंखा रात्रभर चालतो, दिवे लागतात, फोन चार्ज होतात. लहान फ्रिज उन्हाळ्यात दिवसाकाठी जवळजवळ तेवढीच वीज एकटा खातो. २,००० वॉटची इंडक्शन शेगडी हा साठा पंधरा-वीस मिनिटांत, तर वातानुकूलन यंत्र अर्ध्या-पाऊण तासात संपवते. लिथियम बॅटरीतून अधिक वीज मिळते. परंतु रात्रभर वातानुकूलन चालवायचे असेल, तर बाहेरील वीजजोडणी असलेला मुक्कामच गाठावा लागतो.

सौर पट्ट्यांवर विसंबणारे आणखी एक चूक करतात. उन्हाचा त्रास नको म्हणून गाडी सावलीत उभी करतात आणि बॅटरी का भरत नाही याचा शोध घेत बसतात. ती सावली माडाची असेल तर धोका दुप्पट. वरून पडणारा नारळ सौर पट्टी आणि काच दोन्ही फोडतो, माणसालाही सोडत नाही. माडाखाली आणि फळांनी लगडलेल्या फणसाखाली गाडी लावू नये. पावसाळ्यात सौर विजेचा भरवसाच धरू नये.

गॅस, धूर आणि बंद खिडक्या

येथे चुकीला क्षमा नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता गाडीच्या तळाशी साचतो आणि एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारा झरोका हवा, सिलिंडर पट्ट्याने घट्ट बांधलेला हवा आणि गाडी चालू असताना त्याची झडप बंद हवी. रबरी नळीवरील मुदत तपासावी. अग्निशामक नळकांडे दाराजवळ ठेवावे, शेगडीच्या मागे नव्हे. कारण आग लागली तर तिथे हात पोहोचणार नाही.

गॅस गळला तर वास येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. शेगडी, कोळशाची शेकोटी, जनरेटर आणि चालू इंजिन या सर्वांतून तो निघतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक घट्ट बांधला जातो. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखीच वाटतात आणि झोपलेल्या माणसाला तीही जाणवत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये केरळच्या कोझिकोड जिल्ह्यातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत आढळले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याने हे मृत्यू झाल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांच्या तपासणीतून निघाला.

यातून निघणारे नियम मोजके आहेत. जनरेटर कधीही गाडीच्या आत चालवू नये. बाहेरही तो दारे-खिडक्यांपासून दूर आणि वाऱ्याच्या उलट्या अंगाला न ठेवता, धूर गाडीपासून दूर जाईल अशा बाजूला ठेवावा. वातानुकूलनासाठी इंजिन सुरू ठेवून झोपू नये. कोळशाची शेगडी आत आणू नये. स्वयंपाक करताना छताची खिडकी उघडी ठेवावी आणि डासांच्या भीतीने झरोके बुजवू नयेत. त्यांना जाळी लावावी. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे बॅटरीवरील यंत्र पलंगाजवळ बसवावे. ते वाजल्यास कारण शोधत बसू नये. सर्वांना घेऊन आधी बाहेर पडावे.

मुक्काम कोठे करावा

समुद्राला लागून गाडी उभी आहे आणि दार उघडताच लाटा दिसत आहेत, हे जाहिरातीतील चित्र गोव्यात प्रत्यक्षात आणू पाहणारा प्रवासी तीन अडचणींत सापडतो. पहिली कायद्याची. किनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई आहे. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यावरही पर्यटन खात्याने २०२२ च्या आदेशाने बंदी घातली असून त्या आदेशात ५ हजार ते ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. दुसरी वाळूची, दोन-तीन टनांची गाडी कोरड्या वाळूत रुतली की चाके फिरवून ती आणखी खोल जाते. तिसरी भरतीची, गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाण्याची पातळी दोन मीटरच्या आसपास वर-खाली होते. संध्याकाळी कोरडी दिसणारी जागा मध्यरात्री कोरडी राहीलच असे नाही.

जमीनमालकाच्या परवानगीने खासगी आवारात किंवा सोय देणाऱ्या हॉटेलच्या प्रांगणात थांबणे हा सुरक्षित मार्ग. ओसाड वाटणारी जागाही गोव्यात बहुधा कोणाची तरी, कोमुनिदादची किंवा देवस्थानची असते. मोलेसारख्या अभयारण्याच्या परिसरात वन खात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही. मुक्कामाला सूर्यास्तापूर्वी पोहोचावे. जागा सपाट आणि टणक आहे ना, हे पायी फिरून पाहावे. पावसानंतर तांबडी माती वरून घट्ट आणि आतून लोण्यासारखी असते. हँडब्रेक ओढून चाकांखाली लाकडी ठोकळे द्यावेत आणि गाडीचे तोंड बाहेर पडण्याच्या दिशेला ठेवावे.

निघण्यापूर्वी

सकाळी निघताना विसरलेली गोष्ट ही सर्वांत नेहमीची चूक. वीजजोडणीची वायर तशीच लागलेली, पायरी बाहेर आलेली, छताची खिडकी उघडी, कपाटाची कडी सैल आणि शेगडीवर भांडे. त्यावर साधा उपाय आहे. गाडीतील एकाच व्यक्तीकडे ही जबाबदारी द्यावी, यादी लिहून दारावर लावावी आणि गाडीभोवती एक फेरी मारल्याशिवाय किल्ली फिरवू नये. सिलिंडरची झडप, पाण्याचा पंप, फ्रिजची कडी, कपाटे, छताची खिडकी, बाहेरील छत, पायरी, वायर आणि ठोकळे, अशा क्रमाने आतून बाहेर यावे. गाडी चालू असताना मागच्या पलंगावर कोणी झोपू नये. प्रत्येकाने पट्टा असलेल्या आसनावरच बसावे.

पहिल्याच सहलीला आठ दिवसांचा बेत आखण्याऐवजी घरापासून तासाभराच्या अंतरावर एक रात्र काढावी. पाणी किती लागले, बॅटरी पहाटे किती उरली, कोणते सामान उघडलेच नाही, हे त्या एका रात्रीत कळते आणि काही विसरले असल्यास घर जवळच असते. पुढच्या प्रवासात रोजचे अंतर दीडशे-दोनशे किलोमीटरच्या आत ठेवावे. घाट, अरुंद रस्ते आणि अंधार पडण्यापूर्वी शोधावी लागणारी सुरक्षित जागा यांचा विचार करता, या वाहनाला त्याहून अधिक घाई सोसत नाही.