समर्टनच्या शाळांचा जमाखर्च

एखाद्या लहानशा गांवच्या शाळांचा जमाखर्च हा इतिहासाचा विषय होऊं शकेल, असें सहसा कोणास वाटत नाहीं. लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांच्या मानानें कोळशाचें बिल, मास्तरांचा पगार आणि बाकांची मोजदाद या गोष्टी अगदींच क्षुल्लक दिसतात. परंतु अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं वर्णभेदावर उभारलेल्या सार्वजनिक शाळा घटनाबाह्य ठरविल्या, त्या सुप्रसिद्ध निकालाचा एक उगम अशाच एका जमाखर्चांत आहे. तो निकाल कॅन्सस राज्यांतील ब्राउन यांच्या नांवानें जगभर ओळखला जातो. पण त्या वेळीं न्यायालयापुढें पांच खटले एकत्र आलेले होते, आणि त्यांतील एक साउथ कॅरोलायना राज्यांतील समर्टन या खेडेवजा गांवांतून आलेला होता.

समर्टन हें क्लॅरेंडन कौंटींत आहे. कौंटी म्हणजे साधारणपणें आपल्याकडील तालुक्यासारखा मुलूख. कापूस हें तेथील मुख्य पीक. १९५० च्या सुमारास कौंटीची वस्ती सुमारें ३२ हजार होती व तींत दर दहा माणसांमागें सात कृष्णवर्णीय होतीं. शाळांच्या कारभारासाठीं कौंटीचे लहान लहान शाळा-विभाग पाडलेले असत. प्रत्येक विभागाचें स्वतंत्र शाळा-मंडळ, स्वतंत्र हद्द आणि स्वतंत्र कर. समर्टनचा विभाग २२ क्रमांकाचा. अमेरिकेंत शाळेच्या पैशाचा मोठा भाग स्थानिक जमीन-घरांवरील करांतून उभा राहत आलेला आहे. त्यामुळें नकाशावरची ही हद्दीची रेषा दिसावयास बारीक असली, तरी मुलाच्या नशिबीं कोणती शाळा येणार हें पुष्कळदां तीच ठरवीत असे.

१८९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें 'वेगळें पण समान' हें तत्त्व मान्य केलें होतें. त्याचा पहिला शब्द दक्षिणेंतील राज्यांनीं काटेकोरपणें पाळला; दुसऱ्याचें काय झालें, तें १९४९-५० च्या आंकड्यांवरून दिसतें. क्लॅरेंडन कौंटींत कृष्णवर्णीय मुलांच्या ६१ शाळा होत्या व त्यांत ६,५३१ मुलें शिकत होतीं. गोऱ्या मुलांच्या शाळा १२ व मुलें २,३७५. त्या ६१ शाळांच्या मालमत्तेची एकूण किंमत १,९४,५७५ डॉलर, तर बारा शाळांची ६,७३,८५० डॉलर. गोऱ्या मुलामागें वर्षाला १७९ डॉलर खर्च होत, कृष्णवर्णीय मुलामागें ४३. गोऱ्या मुलांसाठीं ३० बसगाड्या धांवत होत्या. कृष्णवर्णीय मुलांसाठीं एकही नव्हती.

तंटा सुरू झाला तो या बसवरूनच. वर्णभेद मोडावा, अशी मागणी आरंभीं कोणींही केली नव्हती. मुलें शेतांशेतांतून मैलोगणती पायीं चालत शाळेंत येत. सँटी नदीवर मोठें धरण बांधलें गेल्यावर पाणी पसरून कांहीं वाटा बुडाल्या, आणि एका वस्तीवरील मुलांना नाव वल्हवून शाळेची वाट धरावी लागे. पालकांनीं पदरमोड करून एक जुनी बस विकत घेतली. ती वारंवार बिघडे. तेव्हां निदान पेट्रोलाचा खर्च तरी मंडळानें सोसावा, एवढेंच त्यांचें मागणें होतें. उत्तर असें मिळालें कीं कृष्णवर्णीय समाज मिळून भरतो तो कर इतका थोडा आहे, कीं त्याच्यासाठीं बसचा भार गोऱ्या करदात्यांवर टाकणें अन्यायाचें होईल.

हें उत्तर हिशेबाच्या भाषेंत दिलेलें होतें, म्हणून तें हिशेबानेंच तपासून पाहणें योग्य. कर जमिनीवर असे आणि जमीन बहुतेक गोऱ्या मालकांच्या नांवावर. तिच्यावर राबणारीं असंख्य कुटुंबें अर्धेलीनें शेती करणारीं व कृष्णवर्णीय. मालक जो कर भरी, तो कापसाच्या ज्या उत्पन्नांतून भरी, तें कोणाच्या घामाचें होतें, याची नोंद कराच्या पावतीवर होत नसते. शिवाय शाळेचा पैसा ज्यानें जितका भरला तितका त्याला परत, असा न्याय लावावयाचा, तर ज्याच्यापाशीं जमीनच नाहीं त्या गरीब गोऱ्याच्या मुलालाही बसमधून खालीं उतरवावें लागलें असतें. तसें कोणी केलें नाहीं. कराची सबब पुढें आली ती एकाच वर्णाच्या मुलांपुरती.

जोसेफ डिलेन हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक व शिक्षक त्या भागांत काम करीत होते. त्यांच्या उत्तेजनानें लीव्हाय पियर्सन या शेतकऱ्यानें जुलै १९४७ मध्यें बससाठीं रीतसर अर्ज केला. त्याचीं मुलें सुमारें नऊ मैलांवरील शाळेंत जात. अर्जाला दाद मिळाली नाहीं, म्हणून १९४८ च्या मार्चमध्यें तो न्यायालयांत गेला. खटला जूनमध्यें निकालांत निघाला, आणि तोही मूळ प्रश्नाला स्पर्श न करतां. पियर्सनची शेती विभागांच्या सीमेवर होती. त्याचा कर एका विभागांत जमा होई आणि मुलें शिकत दुसऱ्या विभागांत. सबब त्याला दावा करण्याचा अधिकार नाहीं, असें ठरलें. इतकें करून पियर्सनचे हाल संपले नाहींत. पेढ्यांनीं त्याला कर्ज देणें बंद केलें आणि सुगीच्या वेळीं कापणीचें यंत्रही त्याला कोणी देईना.

यानंतर मागणी बसपुरती राहिली नाहीं. १९४९ च्या उन्हाळ्यांत स्कॉट्स ब्रँच या कृष्णवर्णीयांच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनीं, आपल्याकडून घेतलेल्या फीचा हिशेब मिळत नाहीं, अशी तक्रार केली. त्यांतून सभा भरूं लागल्या, आणि नोव्हेंबरमध्यें पालक व मुलें मिळून १०७ जणांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. इमारती, वाहनें, शिक्षक, साधनें या सर्वच बाबतींत समान वागणूक मिळावी, असा त्याचा आशय होता. अर्जावर पहिलें नांव हॅरी ब्रिग्ज याचें. हा आरमारांत नोकरी केलेला व आतां पेट्रोल-पंपावर काम करणारा गृहस्थ. नाताळच्या आदल्या दिवशीं मालकानें सिगारेटचा एक खोका हातांत ठेवून त्याला कामावरून काढलें. त्याची बायको इलायझा एका मोटेलांत कामाला होती. तिचीही नोकरी गेली. डिलेन व त्यांच्या पत्नी यांच्या शिक्षकाच्या जागा काढून घेण्यांत आल्या. १९५१ सालीं डिलेन यांच्या घराला आग लागली, तेव्हां बंब येऊन उभा राहिला. पण घर गांवच्या हद्दीबाहेर आहे, असें सांगून त्यानें पाणी सोडलें नाहीं. हद्दीची रेषा क्लॅरेंडनमध्यें अशीही उपयोगीं पडे.

खटला 'ब्रिग्ज विरुद्ध एलियट' या नांवानें चालला. एलियट हे शाळा-मंडळाचे अध्यक्ष. फिर्यादींतर्फे थर्गुड मार्शल उभे होते. शाळा समान करून मिळाव्या, एवढीच प्रथम मागणी होती. परंतु चार्ल्सटनचे न्यायाधीश वेटीज वेअरिंग यांच्या सूचनेवरून वर्णभेदाच्या पद्धतीलाच आव्हान देणारी नवी फिर्याद डिसेंबर १९५० मध्यें दाखल झाली. मे १९५१ मध्यें तीन न्यायाधीशांपुढें सुनावणी सुरू होतांच प्रतिवादींच्या वकिलानें उठून, शाळा समान नाहींत, असें कबूल करून टाकलें! हेतु उघड होता. अव्यवस्थेचा पुरावा नोंदला जाऊं नये. तरीही साक्षी झाल्या. गोऱ्यांच्या शाळांत एका शिक्षकामागें २८ मुलें, तर दुसऱ्या शाळांत ४७. तेथें नळाचें पाणी नाहीं, शौचकूप उघड्यावर. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनीं स्कॉट्स ब्रँचच्या सोळा मुलांपुढें काळ्या व गोऱ्या बाहुल्या ठेवल्या होत्या. त्यांतील दहांनीं गोरी बाहुली पसंत केली, हेंही न्यायालयापुढें आलें.

दोन न्यायाधीशांनीं शाळा सुधारण्याचा हुकूम दिला, पण वर्णभेद कायम ठेवला. वेअरिंग यांनीं भिन्न मत नोंदविलें: वेगळेपण हीच असमानता होय. ते चार्ल्सटनच्या एका जुन्या प्रतिष्ठित घराण्यांतले. त्यांच्याशीं शहरानें संबंध तोडले, आणि १९५२ सालीं ते न्यूयॉर्कला जाऊन राहिले.

इकडे राज्याचे गव्हर्नर जेम्स बर्न्स, जे स्वतः पूर्वीं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति होते, त्यांनीं निराळाच मार्ग काढला. १९५१ सालीं विक्रीवर शेंकडा तीनचा कर बसवून साडेसात कोटि डॉलरपर्यंत कर्ज उभारण्याची योजना मंजूर झाली. त्या पैशांतून कृष्णवर्णीयांच्या शाळांच्या पक्क्या इमारती झपाट्यानें उठूं लागल्या, स्कॉट्स ब्रँचलाही नवी इमारत मिळाली, आणि हजारांहून अधिक असलेले शाळा-विभाग एकमेकांत मिळवून शंभराच्या आसपास आणण्यांत आले. पिढ्यान् पिढ्या जो पैसा 'नाहीं' म्हणून सांगितला जात होता, तो एका खटल्याच्या धाकानें वर्षभरांत सांपडला! खर्च आटोपशीर करण्याच्या नांवाखालीं विषमता पोसली जाते, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण. तरीही भीति गेली नव्हती. सार्वजनिक शाळा चालविण्याचें घटनेंतील बंधनच काढून टाकावें, या ठरावाला १९५२ सालीं राज्याच्या मतदारांनीं मान्यता दिली.

१७ मे १९५४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. समर्टनमध्यें पहिलीं कृष्णवर्णीय मुलें गोऱ्यांच्या शाळेंत पाऊल ठेवूं शकलीं तीं मात्र १९६५ सालीं. त्याच वर्षीं गोऱ्या कुटुंबांनीं आपली खासगी शाळा काढली, आणि कांहीं वर्षांतच सार्वजनिक शाळांत जवळजवळ सारीं मुलें कृष्णवर्णीयच उरलीं. ब्रिग्जला काम शोधण्यासाठीं फ्लॉरिडाची वाट धरावी लागली होती; डिलेन यांना १९५५ सालीं राज्य सोडून पळावें लागलें आणि ते हयात असतां परत येऊं शकले नाहींत. डिलेन, पियर्सन व ब्रिग्ज पतिपत्नी या चौघांना अमेरिकन काँग्रेसचें सुवर्णपदक २००४ सालीं देण्यांत आलें, तेव्हां त्यांपैकीं कोणीही जिवंत नव्हतें.

वेगळेपण कायद्यानें गेलें, तरी पैशाचा प्रश्न जागच्या जागीं राहिला. ज्यांच्या नांवावर जमीन, त्यांचीं मुलें खासगी शाळेंत. ज्यांचीं मुलें सार्वजनिक शाळेंत, त्यांच्यापाशीं करपात्र असें थोडें. अशा स्थितींत शाळेसाठीं कर वाढवा, असें म्हणणारास गांवांत मतें मिळणें अवघड. पुढें वस्ती घटली तशी पटावरील मुलेंही घटलीं. पण छप्पर, बस आणि मुख्याध्यापकाचा पगार हा खर्च पटाबरोबर उतरत नाहीं. १९९३ सालीं राज्यांतील गरीब ग्रामीण शाळा-विभागांनीं एकत्र येऊन राज्य सरकारवर फिर्याद केली. १९९९ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें, प्रत्येक मुलाला 'किमान पुरेसें' शिक्षण मिळण्याची संधि राज्यानें दिली पाहिजे, असें ठरविलें. आणि पुरेसें म्हणजे किती, याची सुनावणी २००३ सालीं सुरू झाली ती क्लॅरेंडन कौंटीचें मुख्य ठिकाण जें मॅनिंग, तेथील न्यायालयांत. ती शंभराहून अधिक दिवस चालली. गळणारीं छपरें, टिकून न राहणारे शिक्षक आणि शाळेपर्यंतचें अंतर हेच विषय पुन्हां साक्षींत आले. २०१४ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तीन विरुद्ध दोन मतांनीं शाळा-विभागांच्या बाजूनें निकाल दिला. आणि २०१७ सालीं त्याच न्यायालयानें त्या प्रकरणावरील आपली देखरेख संपविली.