भरतपूरचें पक्षितीर्थ आणि म्हशींची साक्ष

भरतपूर हें नांव मराठी माणसास इतिहासाच्या पुस्तकांतून परिचयाचें आहे. १७६१ सालीं पानिपतावर सर्वनाश झाल्यानंतर जे मराठे स्त्रीपुरुष जीव वांचवून दक्षिणेकडे निघाले, त्यांना ज्या जाट राजानें आपल्या मुलुखांत अन्न, वस्त्र व आसरा दिला, त्या सूरजमलाचें हें भरतपूर. भाऊसाहेबांशीं त्याचें बिनसलें होतें. तरीहि संकटसमयीं त्यानें माणुसकी सोडली नाहीं. परंतु श्रोतेहो, आज मला सांगावयाचें आहे तें या राजासंबंधीं नव्हे. त्याच्या नांवाशीं जोडल्या गेलेल्या एका बांधासंबंधीं, त्या बांधाच्या पाण्यानें भरणाऱ्या एका खोलगट भूमीसंबंधीं, आणि त्या भूमीवर कोणी यावें व कोणी येऊं नये या वादासंबंधीं आहे.

भरतपूर शहराच्या आग्नेयेस केवलादेव नांवाचें शंकराचें एक देऊळ आहे. त्याच्या सभोंवारचें रान दाट, म्हणून लोक त्यास ‘घना’ म्हणत. हल्लींच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार सुमारें २९ चौरस किलोमीटर असून त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाणथळ आहे. पावसाळ्यांत नद्यांचें पाणी अजान बांधांत सांठावें आणि तेथून तें दरवाजांवाटे या सखल जागेंत सोडावें, अशी ही व्यवस्था. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संस्थानानें तींत आणखी बंधारे व दरवाजे घालून पाण्याचे निरनिराळे कप्पे पाडले. तेव्हां हें सरोवर निसर्गानें आयतें दिलेलें नसून माणसानें घडविलेलें आहे, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सारा गुंता तिच्यांतूनच निघालेला आहे.

संस्थानानें एवढी यातायात केली ती शिकारीसाठीं. थंडींत उत्तरेकडून येणारीं बदकें येथें हजारोंनीं उतरत, आणि त्यांची शिकार हा राजेरजवाड्यांचा व गोऱ्या साहेबांचा मोठा करमणुकीचा विषय होता. १९०२ सालीं लॉर्ड कर्झन यांच्या काळांत येथील समारंभी शिकारीस आरंभ झाला. देवळाजवळ शिळांवर या शिकारींची नोंद कोरलेली आहे: दिवस कोणता, पाहुणे कोण, बंदुका किती, आणि पक्षी किती पडले. १९३८ सालच्या नोव्हेंबरांत व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आंकडा वाचून आज अंगावर कांटा येतो. तरीपण या शिळांवर राग धरूनहि भागत नाहीं, कारण त्या काळीं येथें किती पाखरें उतरत याचा कांहीं अंदाज करावयाचा तर आरंभीचा लेखी पुरावा म्हणून याच शिळांकडे वळावें लागतें.

शिकार राजाची असली तरी गवत मात्र प्रजेचें होतें. सभोंवतालच्या गांवांतील गुरें व म्हशी या रानांत चरत आणि पाण्यांत डुंबत. बायका जळण नेत. राजास पक्षी हवे होते, गांवकऱ्यांस वैरण हवी होती. दोघांचें एकमेकांवांचून कांहीं अडत नव्हतें.

स्वातंत्र्यानंतर प्रथम संकट आलें तें निराळ्याच बाजूनें. हें तळें कोरडें करून जमीन शेतीस द्यावी, अशी मागणी होऊं लागली. भुकेच्या दिवसांत ती अगदींच गैर होती असें मी म्हणणार नाहीं. परंतु मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. सलीम अली यांनीं पंडित नेहरूंपर्यंत दाद मागितली आणि सरोवर वांचलें. १९५६ सालीं तें पक्ष्यांचें अभयारण्य ठरलें; मात्र महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत चालू राहिला. अभयारण्य आणि शिकार हीं दोन्हीं एकाच कुंपणांत सोळा वर्षें नांदलीं, ही आपल्या कारभाराची एक गंमतच होय.

मुंबईच्या या संस्थेचा भरतपुराशीं संबंध येथेंच संपत नाहीं. पाखरें कोठून येतात व कोठें जातात हें पाहण्यासाठीं तिनें १९५९ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें एक मोठें काम हातीं घेतलें. कर्नाटकांतील क्यासनूर रानांत दोन वर्षांपूर्वीं एक नवा ताप उद्भवला होता, आणि त्याचें विष परदेशी पाखरांबरोबर येत असेल काय, अशी शंका होती. बिहारांतील मीरशिकार जमातीचे निष्णात पारधी पाखरें जिवंत पकडीत. मग त्यांच्या पायांत हलक्या धातूची अंगठी घालून त्यांना सोडून देत. अंगठीवर क्रमांक व मुंबईच्या संस्थेस कळवावें अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असे. भरतपुरांत अंगठी घातलेलीं बदकें पुढें सायबेरियांत सांपडलीं, आणि हा प्रवास अनुमानाचा न राहतां पुराव्याचा झाला. पूर्वीं ज्या पाण्यावर पाखरें मारून मोजीत, तेथेंच आतां तीं जिवंत सोडून मोजूं लागले.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. १९७२ सालीं वन्य जीवांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याप्रमाणें राष्ट्रीय उद्यानांत गुरें चारण्यास मनाई आहे. १९८० नंतरच्या एकदोन वर्षांत भरतपुरास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याभोंवतीं भिंत उभी राहिली, आणि १९८२ च्या नोव्हेंबरांत चराई एकाएकीं बंद करण्यांत आली. चराईनें रान उजाड होतें व पाखरांस उपद्रव होतो, हें त्या काळच्या जाणत्या निसर्गप्रेमी मंडळींचें मत होतें, आणि सलीम अलीहि त्याच मताचे होते. परंतु पिढ्यान् पिढ्या तेथें चरणाऱ्या जनावरांनीं दुसऱ्या दिवशीं कोठें जावें, याचा विचार कोणीं केलेला दिसत नाहीं. गांवकरी भिंतीपाशीं जमले, पोलिसांशीं झटापट झाली, गोळीबार झाला आणि कांहीं गांवकरी प्राणास मुकले. पाखरांच्या रक्षणासाठीं केलेल्या हुकुमापायीं माणसें मेलीं, ही गोष्ट या उद्यानाच्या इतिहासांतून पुसून टाकतां येणार नाहीं.

याच सुमारास, १९८० पासून, मुंबईच्या त्याच संस्थेनें तेथें एक दीर्घ अभ्यास चालविला होता. पाण्याची खोली, त्यांतील वनस्पती, मासे, पाखरांची संख्या, त्यांचीं घरटीं व खाणें यांची वर्षानुवर्षें नोंद ठेवावयाची, असें त्याचें स्वरूप होतें. तें दहा वर्षें चाललें. त्यामुळें बंदीपूर्वींचीं दोन वर्षें व नंतरचीं आठ, अशीं तुलना करण्याजोगीं वर्षें संशोधकांच्या हातीं आलीं. कोणी मुद्दाम प्रयोग योजला असता तरी तो याहून नेटका साधला नसता. बंदीनें पक्षी वाढतील, अशीच सर्वांची अपेक्षा होती.

झालें उलटें. पाण्यांत व चिखलांत पसरणारें पॅस्पॅलम नांवाचें एक बारमाही गवत आहे. म्हशी पाण्यांत शिरून हें गवत खात, तुडवीत, आणि त्यांच्या वावरानें मधला मधला पृष्ठभाग मोकळा राही. म्हशी गेल्या, तसें हें गवत बेसुमार माजलें व उघडें पाणी झांकूं लागलें. उघडें पाणी घटलें तसे मासे घटले. पोहणाऱ्या व बुडी मारणाऱ्या पाखरांस जागा उरेना. गवत काढण्यासाठीं बुलडोझर आणून पाहिले, गांवकऱ्यांस परवाने देऊन हातानें कापूं दिलें; पण म्हशी जें काम रोज चरतां चरतां करीत, त्याची बरोबरी कशानेंहि होईना. १९९१ सालीं डॉ. विजयन यांनीं सिद्ध केलेल्या अहवालांत स्वच्छ सांगितलें कीं, या सरोवराच्या हितासाठीं मर्यादित प्रमाणांत म्हशींना पुन्हां आंत येऊं द्यावें.

या अहवालाबद्दल मला जो आदर वाटतो तो त्यांतील निष्कर्षापेक्षां त्याच्या प्रामाणिकपणामुळें. ज्या संस्थेचे धुरीण बंदीच्या पक्षाचे, तिच्याच संशोधकांनीं आंकडे मांडून बंदी चुकली असें म्हटलें. सलीम अली १९८७ सालींच निवर्तले होते. हा निर्णय त्यांच्या दृष्टीस पडला नाहीं. मात्र यावरून सर्वच जंगलांत गुरें सोडावीं असें कोणीं समजूं नये. सह्याद्रीचा डोंगरउतार निराळा आणि मैदानांतलें हें बांधीव तळें निराळें. येथें शेंकडों वर्षांच्या वहिवाटीनें म्हैस ही त्या सरोवराचा एक अवयव बनली होती, एवढेंच या अभ्यासानें दाखविलें.

भरतपुराची खरी कीर्ति शुभ्र सायबेरियन क्रौंचांमुळें. ओब नदीच्या खोऱ्यांतून हजारों मैल उडून हे क्रौंच हिंवाळ्यांत येथें येत व उथळ पाण्यांतील लव्हाळ्याचे कंद उकरून खात. १९६० नंतरच्या दशकांत त्यांची संख्या दोनशेंच्या घरांत होती. १९८५ च्या सुमारास चाळिसांच्या आसपास उरली, पुढें एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाली, आणि २००२ सालीं दिसलेल्या अखेरच्या जोडीनंतर त्यांचें येणें थांबलें. गवताच्या गर्दींत कंद दुर्मिळ झाले हें खरें; परंतु सारा दोष गवताच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. अफगाणिस्तान व पाकिस्तान यांवरून येणाऱ्या त्यांच्या वाटेवर शिकारीहि फार होत. भरतपुरांत कितीहि चोख बंदोबस्त ठेवला तरी वाटेवरील बंदुकींचें काय?

क्रौंच गेले आणि पाठोपाठ पाण्याचाच प्रश्न उभा राहिला. गंभीर नदीवर वरच्या अंगास पांचना धरण झालें. तेथील शेतकरी पाणी सोडावयास राजी नव्हते, आणि या शतकाच्या पहिल्या दशकांत कित्येक हंगाम तळें जवळजवळ कोरडें राहिलें. पुढें गोवर्धनच्या नाल्यांतून पाणी आणण्याची योजना २०१२ मध्यें पुरी झाली. बांधीव तळ्यास पाणीहि बांधूनच आणावें लागतें.

चराईबंदीचा कायदा आजहि तसाच आहे. अहवालांतील शिफारस कायद्याच्या चौकटींत बसत नाहीं, म्हणून म्हशी भिंतीबाहेरच आहेत. मात्र भिंतीच्या दोन्हीं बाजूंचें वैर पूर्वींइतकें उरलेलें नाहीं. आंत प्रवाशांना फिरवणारे सायकल-रिक्षावाले स्थानिकच आहेत. वर्षानुवर्षें पाहून पाहून त्यांपैकीं अनेकांस पाखरांचीं नांवें, आवाज व बसण्याच्या जागा मुखोद्गत झाल्या आहेत. कोरड्या भागांत विलायती बाभूळ माजली, तेव्हां ती मुळासकट उपटून द्यावी आणि लाकूड स्वतःच घेऊन जावें, असा करार उद्यानानें आसपासच्या गांवांतील कुटुंबांशीं केला. लोकांस जळण मिळालें, आणि बाभळीखालीं दबलेली कित्येक एकर जमीन पुन्हां गवताची झाली.